काजळीची जागा

प्रकाशें, ता. शहादें
मार्गशीर्ष शु. ५, शके १८५६
(छगनच्या रेल्वेच्या कॅलेंडरात ११ डिसेंबर १९३४)

गं. भा. धनुआक्कास,
धाकट्या पितांबरचा पाया पडून नमस्कार.

तुझं कार्ड नवापूरहून चौथ्या दिवशी पोचलं. तुझं म्हणजे छगनच्या अक्षरातलं. पण सांगणारी तू होतीस याबद्दल मला शंका नाही, कारण इतकं तिखट छगनला स्वतःहून लिहिता येत नाही. स्टेशनवर नोकरीला लागल्यापासून आपला धाकटा भाऊ पत्रंसुद्धा मालाच्या पावतीसारखी लिहितो. (छगन, हे पत्र तूच आक्काला वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. तरी लिहिलं. पुढे वाच.)

काजळी मांजरीला घाण करायची तिची एक जागा शिकवायची, तरच तू परत येणार, ही तुझी अट मी तीनदा वाचली. "मांजरले तिन्ही जागा शिकाड. आठ दिन ती आपली आपण जाई, कोणी उचलनार नही, तं मंग मी इसू. नही तं नही." आपण घरी जसं बोलतो तसंच त्याने उतरवून घेतलं, ते बरं केलं. शुद्ध मराठीत ही अट विनंतीसारखी वाटली असती.

अट मान्य आहे.

आता त्या दिवसाबद्दल. भाद्रपदात काजळीचे दोन्ही डोळे आले आणि दोन्ही गेले. तेव्हापासून तिने घरात कुठेही बसायला सुरुवात केली, आणि कार्तिकी एकादशीला ती माझ्या पोथीच्या रुमालावर बसली. मी ओरडलो. "ज्याला दिसत नाही त्याचं घरात काय काम? नदीपल्याड सोडून या!" माझं वाक्य मला शब्दशः आठवतं, पाठांतराची सवय वाईट. तू समोरच डाळ निवडत होतीस. तिसऱ्या दिवशी गाडी जुंपायला सांगितलीस, आणि मांजरीचं काय म्हणून विचारलं तर म्हणालीस, "तिले मी नेत नही. तिन्ही जागा आठे शे."

तिची जागा इथेच, म्हणे. मला वाटलं, एका मांजरीसाठी आक्का एवढी रुसली. पंधरा दिवसांनी छगनची पावती आली: आक्काला दिसत नाही. भाकरीचा काठ दिसत नाही, उंबरा दिसत नाही. सुरतेच्या डॉक्टराने पाहिलं. मोतीबिंदू दोन्हीकडे, पण अजून कच्चा, पिकल्याशिवाय काढता येत नाही, वर्ष-दीड वर्ष थांबा. माझ्यापासून सहा हातांवर बसून डाळ निवडणाऱ्या बाईला दिसत नाही, हे मला साठ मैलांवरून टपालाने कळलं. यावर मी अधिक काही लिहीत नाही. छगन मोठ्याने वाचत असेल.

मांजरीचं म्हणशील तर काळजी नसावी. वीस वर्षांत मी या गावच्या तीनशे मुलांना अक्षरं शिकवली, त्यांत पाटलांचा सुकलालही आला, आणि त्याला शिकवल्यानंतर मांजर म्हणजे काहीच नाही. एक घमेलं घेतलं आहे. चुलीतली राख आपल्याकडे भरपूर. राख मऊ, कोरडी, झाकायला सोपी. आजच घमेल्यात भरून ठेवली. आठ-दहा दिवसांत कळवतो.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी झाकलेली टोपली घेऊन नावेत बसलो होतो असं तुला कोणी कळवलं असेल, तर त्या टोपलीत वांगी होती.

तुझा,
पितांबर


प्रकाशें
१९ डिसेंबर १९३४

आक्का,
नमस्कार.

कळवायला आनंद वाटतो की काजळी शिकली. तिसऱ्याच दिवशी शिकली. जेवण झालं की मी तिला उचलून घमेल्यात ठेवायचो, तिचा पुढचा पंजा धरून राखेत दोनदा ओढायचो, आणि हे करताना सवयीने रूपं म्हणायचो. रामः रामौ रामाः. शास्त्रीबुवांच्या ओसरीवर सात वर्षं घोकलेलं तोंडातून जात नाही. हातात काम आलं की सुरू होतं. तिने कान हलवले, राख उकरली, काम उरकलं, झाकलं. माझ्या मुलांपैकी एकानेही पाटी इतकी स्वच्छ पुसलेली मला आठवत नाही.

इथेच पत्र संपवावं असं फार वाटत होतं.

पण तू आल्यावर कालीबाई सांगेलच. ती सकाळी पाणी भरून सारवायला आली, आणि स्वयंपाकघरातून अशी किंचाळली की मी ओसरीवरून अनवाणी धावलो. "गुरुजी! चुल्हामा देखा! तुमनी मांजरनी काय करं ते देखा!"

पाहिलं. काजळीचा काही दोष नव्हता. मी तिला शिकवलं: राख. घरात सगळ्यांत जास्त राख, सगळ्यांत मऊ राख, तीही उबदार, कुठे असते? ती हुशार विद्यार्थिनीसारखी मूळ ठिकाणी गेली. चुलीतून बाहेर आली तेव्हा काळी मांजर भुरी झालेली, आणि चेहऱ्यावर परीक्षा दिल्याचं समाधान.

कालीबाईने चूल पाडली. पाडलीच. म्हणाली, "आते नवी घालसू. धनुआक्काले कळनं तं ती नवापूरथून पायी यी." मी म्हटलं, बाई, ती यावी म्हणूनच तर हे सगळं चाललंय. यावर ती हसत सुटली आणि चुलीची माती तिच्या हातातून दोनदा पडली.

नवी चूल वाळेपर्यंत चार दिवस मी अंगणात तीन दगडांवर भाकरी थापल्या. येणारे-जाणारे यात्रेकरू मला देवळाकडचा कोणी साधू समजून नमस्कार करत होते. एका म्हाताऱ्याने तर भाकरीचा प्रसाद मागितला. दिली. त्याने एक घास खाल्ला आणि परत नमस्कार केला, पण या वेळी जरा लांबून.

राख बंद. उद्यापासून तापीची वाळू.

तू छगनकडे काय खातेस, छगनची पोर कौसा तुझ्या हाताला धरून अंगणात नेते का, हे कोणी लिहीत नाही. छगन, पावती लांब कर जरा.

पितांबर


प्रकाशें
२९ डिसेंबर १९३४

आक्का,

तुझा निरोप पोचला: "चूल कोणी पाडी?" एवढाच. चार शब्दही नाहीत. पण प्रश्न विचारलास. मागचा सबंध महिना तू मला प्रश्न विचारला नव्हतास. चूल कालीबाईने पाडली. नवी तिनेच घातली. तोंड पूर्वेलाच आहे आणि बाजूचा वैल तुझ्या डाव्या हातालाच येतो. मापून घेतलं.

आता वाळूचं ऐक, आणि हसायचं असेल तर मोकळेपणी हस.

वाळू मी स्वतः नदीवरून आणली, चाळली, उन्हात वाळवली. आणि तुला शोभेल अशा कडकपणाने शुचिर्भूतपणा राखला. काजळीने काम उरकलं की सगळी वाळू फेकायची, घमेलं राखेने घासायचं, गोमूत्र शिंपडायचं, नवी वाळू घालायची. शिवाय सकाळी घमेलं मोरीपाशी, दुपारी ऊन आत आलं की खांबापाशी, संध्याकाळी दिव्याला अडचण नको म्हणून दाराआड. कालीबाई एक दिवसाआड सबंध घर सारवत होती, कारण मीच तिला सांगितलं होतं की घाण वास राहता कामा नये. दहा दिवस मी इतका स्वच्छ राहिलो की शास्त्रीबुवांनी मला त्यांच्या पंक्तीला घेतलं असतं.

आणि काजळी? ती मधोमध येऊन उभी राहायची. नाक खाली, मग वर. चार पावलं इकडे, चार तिकडे. मग केविलवाणी ओरडायची आणि जिथे उभी तिथेच बसायची. मी तिला मठ्ठ म्हटलं. दोनदा.

काल ती अशीच ओल्या सारवणावर उभी होती. कालीबाई पोतेरं हातात घेऊन बघत बसली. म्हणाली, "गुरुजी, तुम्ही रोज तिन्हं गाव धुई टाकतस. मंग ती कोठे जाई?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

"तुमले रस्ता डोयाघाई दिसस. तिले नाकघाई. तुम्ही रस्ता बी पुसतस, आन् देऊळ बी हालाडतस." मग पोतेरं बादलीत पिळून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "धनुआक्काना डब्बा बी तुम्हीच हालाडेल व्हतात."

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं: काजळीची वासाची वाट मी पुसत होतो, तसेच तुझे डबेही मीच हलवले होते.

आक्का, दसऱ्याच्या सुमारास तू मिठाच्या डब्याला एक दोरा बांधलास, साखरेच्याला दोन गाठी मारून. मी विचारलं, "डब्यांच्या मुंजी लावल्यास का?" तू हसलीस. दिवाळीच्या झाडझुडीत ते दोरे मीच कापून टाकले, आणि डबे उंचीप्रमाणे लावले, छान दिसतात म्हणून. मग तू चहात मीठ घातलंस. ती गोष्ट मी चार दिवस गावभर सांगत फिरलो. प्रत्येक वेळी थोडी अधिक रंगवून.

कालीबाईला माहीत होतं. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "आक्कानी शपथ घाली. म्हने, त्याले कळनं तं तो माले बसाडी ठेई, काम करू देवाव नही."

काल दुपारी कालीबाई गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि उपरण्याने डोळे बांधले. चुलीपासून मोरीपर्यंत जायचं, एवढंच. या घरात मी एक्केचाळीस वर्षं राहतो. पहिल्यांदा खाटेचा पाय लागला. ती खाट मी सकाळीच तिरकी केली होती. मग तांब्याची घागर, जी मी परवा हलवली. मग माझंच बैठं मेज, आणि मग खांब. खांब मात्र कोणी हलवला नव्हता. तो आजोबांपासून तिथेच आहे. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ आहे. शाळेत मुलांनी विचारलं तेव्हा शास्त्रचर्चा झाली असं सांगितलं.

आपल्या घरात सगळं हलतं, आणि हलवणारा मी. तू वर्षभर यातून ठेच न लागता कशी चाललीस? की लागत होती?

याचं उत्तर छगनकडून नको.

पितांबर


प्रकाशें
५ जानेवारी १९३५

आक्का,

घरात नवे कायदे झाले. कालीबाईने केले, मी मान्य केले. एक: काजळीची जागा मोरीशेजारचा कोपरा, सूर्य इकडचा तिकडे झाला तरी तोच. दोन: चुलीपासून त्या कोपऱ्यापर्यंत हातभर रुंदीची पट्टी सारवायची नाही. तीन: वाळू बदलताना जुनी मूठभर ठेवायची. हा तिसरा माझ्या गळ्याखाली उतरायला दोन दिवस लागले, पण उतरला. चौथा कायदा मी घातला: कोणतीही वस्तू हलवायची नाही, आणि हलवली तर मी स्वतः डोळे बांधून ती फेरी करायची. आत्तापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. टेंगळं दोन.

आता एक कबुली. खरं तर दोन आहेत.

पहिली. घमेलं काजळीला आवडेना. त्याचा काठ उंच. ती चढली की ते कलंडायचं आणि ती घाबरून उडी मारायची. शिवाय घमेलं कालीबाईला शेणासाठी लागतं. मला हवं होतं लाकडाचं, चौकोनी, बसकं, बोटभर उंच काठाचं, न कलंडणारं. असं काही घरात आहे का म्हणून मी बघत होतो, आणि भिंतीवर ते टांगलेलंच होतं.

तुझी धूळपाटी, आक्का.

शाळेत दगडी पाट्या आल्यापासून तिला कोणी हात लावला नव्हता. तू तेरा वर्षांची सासरहून पांढऱ्या कपाळाने परत आलीस तेव्हा मी दहाचा. दुपारी सगळे शेतावर गेले की त्या पाटीवर बारीक वाळू पसरून मी तुझं बोट धरून अ काढायचो. अंगणात कोणाची चाहूल लागली की तू डोळे मिटून बसायचीस, झोप आली असं दाखवायला, आणि बोट मात्र वाळूत चालूच असायचं. आंधळेपणी लिहिणारी माझी पहिली विद्यार्थिनी. तीनशे मुलं नंतरची.

त्या पाटीत मी मांजरीची वाळू घातली. सरस्वतीपुढे काय बोलायचं ते मी जुळवून ठेवलं आहे. तुझ्यापुढे काय बोलायचं ते सुचत नाही. पण काजळीने तिच्या काठावर पंजा ठेवला, दुसरा ठेवला, आत गेली, आणि जी शांतपणे बसली, ते बघून मी टाळी वाजवली. ती दचकली. कालीबाईने मला हाकलून लावलं.

आता ती जेवली की मी उचलून नेत नाही. चुलीपाशी उभी राहते, मिशा पुढे करते, आणि त्या न सारवलेल्या पट्टीवरून निघते. अकरा पावलं. मी मोजली, बहुधा तीही मोजते. काल दोनदा बरोबर गेली, एकदा मेजाखाली. मेज माझंच दोन बोटं पुढे आलेलं होतं.

दुसरी कबुली. टोपलीत वांगी नव्हती.

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी काजळीला टोपलीत घालून, वर फडकं बांधून मी नावेत बसलो. नावाड्याने विचारलं, "काय गुरुजी, टोपलीमा काय शे?" त्यालाही वांगी सांगितली. तेवढ्यात वांगं ओरडलं. पलीकडे उतरलो, वाळवंटात बरंच आत गेलो, फडकं सोडलं, टोपली आडवी केली. ती बाहेर आली. मी दहा-बारा पावलं मागे सरकलो. परत वळून नावेकडे चालायचं, एवढंच राहिलं होतं.

पाय उचलेना. आणि अवघडलो की काय होतं ते तुला माहीत आहे: मी पुटपुटायला लागलो. रामः रामौ रामाः. तिचे दोन्ही कान माझ्याकडे फिरले. एवढ्या मोठ्या उघड्या वाळवंटात तिला ठाऊक असलेलं तेवढंच होतं. ती आली. सरळ आली, एकदाही न चुकता, आणि माझ्या पायावर बसली. पायावर, आक्का.

तिला परत आणली. नावाडी म्हणाला, "वांगा इकाई नही गयात का?" मी म्हटलं, भाव पडला.

मी एकादशीला जे बोललो ते मांजरीला बोललो होतो. पण ते वाक्य तसं बोलायचंच नव्हतं, कुणालाच नाही. हे मी तीन पत्रांत लिहायचं टाळलं. छगन, हे सावकाश वाच. दोनदा वाच.

परवापासून तुझे आठ दिवस मोजायला सुरुवात करतो. साक्षीदार कालीबाई. मी सांगितलेलं तू मानणार नाहीस, आणि वांग्यांनंतर तर नाहीच.

पितांबर


प्रकाशें
मकरसंक्रांत
१४ जानेवारी १९३५

आक्का,
तिळगूळ घे. सोबत छगनच्या पोरांसाठीही बांधला आहे. फोडताना दात सांभाळा. पाक मी केला.

सात तारखेपासून काल रात्रीपर्यंत सात दिवस झाले. रोजचा अहवाल देत नाही. चार तारखेला होती ती अडखळ नंतर उरली नाही. दहा तारखेला कोणीतरी तिच्या वाटेत दळणाची पाटी ठेवली. कोणीतरी म्हणजे मीच. काजळी पाटीपर्यंत आली, मिशा टेकवल्या, वळसा घातला, आणि पुन्हा आपल्या ओळीला लागली. मला डोळे बांधून त्याच पाटीला वळसा घालता आला नाही. आतलं जोंधळ्याचं पीठ अजून माझ्या धोतरात आहे.

आज आठवा दिवस. आणि आज सकाळी घात झाला.

संक्रांत म्हणून कालीबाईने पहाटेच सारवायला घेतलं. सणाचं सारवण; तिचे हात आपोआप चालतात. मी स्नानाला नदीवर गेलेलो. परत येऊन बघतो तो सबंध घर भिंतीपासून भिंतीपर्यंत ओलं, गुळगुळीत, हिरवट. आपली पट्टी गेली. कालीबाईलाही त्याच वेळी कळलं. कपाळावर हात मारायला गेली आणि कपाळ शेणाने भरलं.

"गुरुजी, मी तिन्हं गाव पुसं."

"उचलून नेऊ का?"

"उचलं तं आठ दिन गयात. पहिलाथून मोजना पडतीन. आक्का सोडाव नही."

दोघंही दारात उभे. काजळी चुलीपाशी. दूध प्यायलेली. नाक खाली केलं, तर सगळीकडे एकच वास. वर केलं. पंजा ओल्यात ठेवला, झटकला. मला वाटलं आता ओरडणार, जुन्यासारखी. माझ्या तोंडून रामः निघणार होतं, कालीबाईने शेणाचा हात माझ्या तोंडावर ठेवला. "आवाज नका देऊ! आपली आपण!" आक्का, तुझ्या अटीचं पालन मी शेण खाऊन केलं आहे.

ती निघाली. हळू. एक, दोन, तीन. मधल्या खांबापाशी थांबली. मला वाटलं गेलं. मान जरा वळवली, जणू मनातल्या मनात काही म्हणून बघत होती. मग चार, पाच... अकराव्या पावलाला तिचा पंजा धूळपाटीच्या काठावर.

मी शाळेत पहिल्या आलेल्या पोरासाठीही इतका नाचलो नाही. ओल्या सारवणावर नाचलो, घसरलो, बसलो. कालीबाई भिंतीला टेकून पोट धरून हसत होती आणि काजळी आत बसून, आपल्या कामात, आमच्याकडे कान वळवून. असल्या आरड्याओरड्यात कोणाचं चित्त लागेल?

आणि मग आम्ही दोघांनी एकदमच पाहिलं. ओल्या सारवणावर चुलीपासून कोपऱ्यापर्यंत तिच्या पंजांची ओळ उमटली होती. सरळ. माझ्या हस्ताक्षरापेक्षा सरळ.

कालीबाई पुसायला वाकली. मी म्हटलं, खबरदार.

ती ओळ आता वाळली आहे. मी तिच्यावर पाय ठेवत नाही, कोणाला ठेवू देत नाही. माझा शब्द तुला चालत नाही, कालीबाईचा चालेल की नाही ठाऊक नाही, पण हा दाखला तू स्वतः वाच. त्याला डोळे लागत नाहीत. वाळू तशीच माती. बोट टेकव, अकरा अक्षरं आहेत.

तुझे डबे जसे होते तसे लावले. दोरे बांधले: मीठ एक गाठ, साखर दोन. चुलीपासून अंगणापर्यंत, अंगणापासून विहिरीपर्यंत काहीही हलत नाही. आणि तुला काम करू देणार नाही असं मी म्हणणार नाही. चार दिवस माझी भाकरी खाल्लेला माणूस असं म्हणूच शकत नाही.

अट पुरी झाली. पुढचं तुझ्याकडे.

पितांबर


प्रकाशें
२३ जानेवारी १९३५

आक्का,

कार्ड आज दुपारी आलं. पोस्टमनने आधी दिलंच नाही. उलटंपालटं करून म्हणाला, गुरुजी, पोराटोराने गिरवलेलं दिसतं. मी हातात घेतलं. छगनचं अक्षर नव्हतं. मोठाली अक्षरं, एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, ओळ डावीकडून निघून वर वर जात कार्डाच्या काठाबाहेर गेलेली. शेवटच्या अक्षराचा अर्धा भाग बहुधा छगनच्या मेजावर राहिला असेल.

"मी यी ऱ्हायनू. काजळीले सांग."

एकतीस वर्षांनी माझ्या विद्यार्थिनीने मला पहिलं पत्र लिहिलं. शुद्धलेखन तपासलं नाही.

काजळीला सांगितलं. तिने एक कान हलवला. कालीबाईला सांगितलं, ती रडली आणि मग मला विचारलं की चुलीचा वैल खरंच डाव्या हाताला घातलाय ना. बघून आलो, घातलाय.

पत्त्याच्या बाजूला छगन लिहितो, पुढच्या शनिवारच्या गाडीने तुला कौसाबरोबर बसवून देतो. मी आदल्या दिवशीच नावेने नदी ओलांडून गाडीबैल घेऊन नंदुरबारला येऊन राहतो. नावाड्याला आताच सांगून ठेवलं आहे की परतीला टोपलीत काहीही असणार नाही.

गाडी थांबली की उतरायची घाई करू नकोस. फलाटावर गर्दी असेल, हमाल ओरडत असतील, कौसा घाबरेल. तू दारात उभी राहा आणि ऐक. मी तिथेच कुठेतरी पुटपुटत उभा असेन. वाळवंटात काजळीला सापडलो होतो, तुला सापडेन.

तुझा,
पितांबर